पहिलीतल्या पोरांची एटीकेटी

इंजिनियरिंगला गेलेल्या प्रत्येकाला ‘एटीकेटी’ हा शब्द ठाऊक असतो. विषय राहिला तरी पुढच्या वर्षात बसता येतं. पण राहिलेला विषय गुणपत्रिकेवर दिसतो, त्याची परीक्षा पुन्हा होते आणि तो सुटल्याशिवाय डिग्री हातात पडत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांना आपण परीक्षा न घेता पुढच्या वर्गात पाठवलं. साथ होती, दुसरा इलाज नव्हता, निर्णय बरोबरच होता. चुकलं ते पुढे. मुलं पुढे गेली, पण त्यांचा राहिलेला विषय कुठेच लिहून ठेवला गेला नाही. तो सोडवायला वेळ दिला नाही, माणूस दिला नाही आणि पैसा तर अजिबात दिला नाही.

या लेखात मला पैशाबद्दल बोलायचं आहे. शिक्षणावर बोलताना आपण मूल्यं, संस्कार, समाजाचं मागासलेपण यांवर तासभर बोलतो. अंदाजपत्रकातल्या ओळीबद्दल दोन मिनिटंही बोलत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत हे जास्तच खटकतं. आपल्याकडे पैसा आहे, तो खर्च करण्याचा कायदेशीर अधिकार आहे आणि उन्हाळ्याची दोन महिन्यांची मोकळी जागाही आहे. या तीन गोष्टी एकत्र आणणारा माणूस तेवढा नाही.

किती राहिलं?

तारखा एकदा नीट मांडू. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून सुरू करायला परवानगी मिळाली, पण दुसऱ्या लाटेने ते पुन्हा बंद पाडले. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरात आठवीपासून शाळा उघडल्या. अगदी लहान मुलांना शाळेचं दार दिसलं ते डिसेंबर २०२१ मध्ये. जानेवारी २०२२ मध्ये ते पुन्हा काही दिवस बंद झालं.

म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल पहिल्यांदा वर्गात बसलं तेव्हा ते दुसरीत होतं, तेही अर्धं वर्ष संपल्यावर. अक्षरओळख, जोडाक्षरं, शंभरपर्यंतचे आकडे, हातच्याची बेरीज, जे काही पहिलीत आणि दुसरीत बसतं ते त्याच्या आयुष्यात शाळेतून आलंच नाही. घरी आईवडील शिकलेले होते त्यांनी शिकवलं. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी शिकवणी लावली. ‘असर’च्या २०२२ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या पैसे देऊन शिकवणी घेणाऱ्या मुलांचं प्रमाण ३०.५ टक्के आलं. २०१८ मध्ये ते २६.४ टक्के होतं. याच अहवालाप्रमाणे दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली. पाचवीत हेच प्रमाण ५०.५ वरून ४२.८ वर घसरलं. हे देशाचे आकडे आहेत. भामरागड, एटापल्ली, जिवती किंवा कोरपन्याचा आकडा याहून चांगला असेल असं मानायला मला तरी काही कारण दिसत नाही.

आता पुढचं गणित. २०२० मध्ये पहिलीत गेलेली मुलं २०२५ मध्ये पाचवीच्या वार्षिक परीक्षेला बसली. २०२८ मध्ये आठवीच्या परीक्षेला बसतील आणि २०३० मध्ये दहावीच्या. पाचवी आणि आठवीचा उल्लेख मुद्दाम केला. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने तिच्या आधारे नियम केले. त्यानुसार पाचवी आणि आठवीत वार्षिक परीक्षा होते. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं, निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची आणि त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात ठेवता येतं.

निकाल उन्हाळी सुट्टी लागताना लागतो. दोन महिन्यांच्या आत म्हणजे त्याच सुट्टीत. थोडक्यात, जादा मार्गदर्शन उन्हाळ्यातच द्यावं लागणार हे कायद्यानेच ठरवून टाकलं आहे. ते कोण देणार, कुठे देणार, त्याचे पैसे कोणत्या लेखाशीर्षातून येणार, याचं उत्तर मात्र शाळेच्या मुख्याध्यापकावर सोडलं आहे. ज्या मुलाला साथीच्या काळात शाळा मिळाली नाही, त्याला मधल्या काळात काही न देता आठवीत नापास करायचं, याला गुणवत्ता म्हणता येत नाही.

मोबाइलने काय केलं

माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, म्हणून हे मी सांगितलेलं बरं. मार्च २०२० मध्ये पुण्यातलं ऑफिस बंद झालं तेव्हा आम्हाला आठवड्याभरात लॅपटॉप मिळाले, इंटरनेटचे पैसे मिळाले, आणि मी बल्लारपूरच्या घरी बसून दीड वर्ष काम केलं. पगार थांबला नाही, कारण कंपनीला ठाऊक होतं की साधनं दिल्याशिवाय काम होत नाही. गल्लीतल्या मुलांना मात्र व्हॉट्सॲपवर लिंक मिळाली. साधन त्यांचं त्यांनी बघायचं होतं.

राज्याने काहीच केलं नाही असं नाही. रोजची अभ्यासमाला यायची. ‘दीक्षा’ ॲप होतं. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. मला विचाराल तर तीच सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट होती, कारण टीव्ही मोबाइलपेक्षा जास्त घरांत आहे आणि त्याला डेटापॅक लागत नाही. पण ती मराठीत होती. सिरोंच्यातल्या तेलुगू बोलणाऱ्या, मुलचेऱ्यातल्या बंगाली बोलणाऱ्या, भामरागडमधल्या माडिया बोलणाऱ्या आणि बल्लारपूर-घुग्गुसच्या उर्दू शाळांतल्या सहा वर्षांच्या मुलाला तिच्यातून किती मिळालं असेल?

‘असर’ने २०२१ मध्ये फोनवरून पाहणी केली. स्मार्टफोन असलेल्या घरांचं प्रमाण तीन वर्षांत ३६.५ टक्क्यांवरून ६७.६ टक्क्यांवर गेलेलं आढळलं. ऐकायला फार छान. पण फोन असलेल्या घरांतल्याही २६ टक्के मुलांच्या हातात तो कधी पडतच नव्हता. फोन बापाचा असतो आणि बाप सकाळी कामावर जातो. खाणीत, कोळशाच्या ट्रकवर, पेपरमिलमध्ये किंवा ठेकेदाराकडे कामाला जाणाऱ्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. गडचिरोलीत तर पुष्कळ गावांत टॉवरचाच पत्ता नव्हता.

१ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा ‘सेतू’ अभ्यासक्रम राबवला गेला. मागच्या वर्षीचं राहिलेलं भरून काढायचं, दर पंधरा दिवसांनी चाचणी घ्यायची, असा त्याचा आराखडा होता. आराखडा चांगला होता. पण त्या ४५ दिवसांत लहान मुलांच्या शाळा बंदच होत्या. नदीला पूर असताना दोन्ही काठांवरचे रस्ते बंद ठेवून पूल बांधावा, तसा हा सेतू झाला. शाळा प्रत्यक्ष उघडल्यावर, मुलं समोर बसल्यावर तो नव्या दमाने आणि वेगळ्या पैशाने पुन्हा उभा करायला हवा होता.

मार्च २०२२ मध्ये राज्याने आदेश काढला की एप्रिलभर शाळा पूर्णवेळ चालवा आणि अभ्यासक्रम पूर्ण करा. हेतू वाईट नव्हता. पण आदेश काढणाऱ्याने चंद्रपूरचा एप्रिल पाहिलेला नसावा. इथे पारा ४५-४६ अंशांवर जातो. म्हणून तर विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. शिक्षकांनी उन्हाचं कारण देत विरोध केला. त्यांना कामचुकार म्हणणारे बरेच निघाले. पंखा चालेल इतकी वीज आणि थंड पाण्याचा माठ यांसाठी शाळेला वेगळे पैसे दिले का, हे कुणी विचारलं नाही.

इतरांनी काय केलं

अमेरिकेने मार्च २०२१ मध्ये शाळांसाठी १२२ अब्ज डॉलरची तरतूद केली. स्थानिक शाळामंडळांनी त्यातला किमान २० टक्के पैसा बुडालेलं शिक्षण भरून काढण्यासाठीच वापरायचा, आणि राज्यांनी एक टक्का फक्त उन्हाळी उपक्रमांसाठी बाजूला ठेवायचा, अशी अट कायद्यातच होती. न्यूयॉर्क शहराने त्याच उन्हाळ्यात मुलांसाठी मोफत उन्हाळी वर्ग सुरू केले. इंग्लंडमध्ये उलट झालं. सरकारने सर केव्हन कॉलिन्स यांना शिक्षण-भरपाईचं काम दिलं, त्यांनी १५ अब्ज पौंडांची गरज सांगितली, सरकारने १.४ अब्ज जाहीर केले. कॉलिन्स यांनी जून २०२१ मध्ये राजीनामा दिला. आपल्याकडे राजीनामा द्यायला तसं पदच कुणी निर्माण केलं नव्हतं.

पण अमेरिकेशी तुलना केली की लगेच उत्तर येतं, ‘त्यांच्याकडे पैसा आहे.’ म्हणून तामिळनाडूकडे बघू. तिथे ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘इल्लम तेडी कल्वी’ म्हणजे ‘घरापर्यंत शिक्षण’ ही योजना सुरू झाली. गावातल्या आणि वस्तीतल्या स्वयंसेवकांनी संध्याकाळी तास-दीड तास मुलांना शिकवायचं, महिन्याला एक हजार रुपये मानधन घ्यायचं. सुमारे दोन लाख स्वयंसेवक उभे राहिले, त्यात बहुसंख्य बाया. तरतूद सुमारे २०० कोटींची. ग्रामीण तामिळनाडूतल्या सुमारे १९ हजार मुलांचा पाठपुरावा करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना आढळलं की शाळा उघडल्यापासून सहा महिन्यांत बुडालेल्या शिक्षणाचा सुमारे दोनतृतीयांश भाग भरून निघाला, आणि त्या भरपाईतला साधारण चौथा हिस्सा या योजनेचा होता.

दुसरं उदाहरण बिहारचं, साथीच्या कितीतरी आधीचं. २००८ च्या जूनमध्ये तिथे सरकारी शिक्षकांनीच, ‘प्रथम’च्या साहित्याने, मागे पडलेल्या मुलांसाठी महिनाभराचा उन्हाळी वर्ग घेतला. मुलांचं वाचन सुधारलं, आणि ती सुधारणा दोन वर्षांनंतरही मोजता आली. तेच साहित्य आणि तेच प्रशिक्षण नेहमीच्या शाळेत, नेहमीच्या वेळापत्रकात दिलं तेव्हा मात्र फारसा फरक पडला नाही. माणसं तीच होती. फरक एवढाच की उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यावर अभ्यासक्रम संपवण्याचं ओझं नव्हतं. मूल कोणत्या इयत्तेत आहे हे न बघता ते काय वाचू शकतं हे बघून त्याला शिकवायची मोकळीक होती.

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ‘शिक्षक शिकवत नाहीत’ हे आपलं आवडतं स्पष्टीकरण आहे. बिहारचा अनुभव सांगतो की त्याच शिक्षकाला वेगळा वेळ, स्पष्ट काम आणि त्याचे पैसे दिले तर तो शिकवतो.

पैसा कुठे आहे

आता घरच्या गोष्टी. पहिली जागा म्हणजे महापालिका आणि नगरपरिषदा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कामं दिली आहेत. पाणी, गटार, दिवाबत्ती यांच्या रांगेत तिथे प्राथमिक शिक्षण आहे. म्हणजे ते वेळ मिळाल्यास करायचं काम नाही. मालमत्ता कराच्या पावतीवर ‘शिक्षण कर’ अशी ओळ असते. तो पैसा राज्याकडे जातो हे खरं. पण चंद्रपूरच्या बाबूपेठेतला किंवा रहमतनगरचा माणूस शिक्षणाच्या नावाने पैसे भरतोच आहे. आपल्या वॉर्डातल्या मुलांसाठी उन्हाळ्यात काय होणार, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे.

दुसरी जागा मोठी आहे आणि तिच्याकडे आपलं लक्ष कमी असतं. जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि खाणवाल्यांनी सरकारला द्यायच्या स्वामित्वधनाच्या प्रमाणात आणखी काही रक्कम, जुन्या पट्ट्यांवर ३० टक्के आणि नव्यांवर १० टक्के, जिल्ह्याच्या प्रतिष्ठानात भरायची असं ठरलं. हा पैसा खाणीने ज्यांचं पाणी, हवा, जमीन बिघडवली त्यांचा आहे. कोळसा आणि चुनखडीमुळे या खात्यात राज्यात सर्वाधिक पैसा येणाऱ्या जिल्ह्यांत चंद्रपूर वरच्या रांगेत आहे. सूरजागडचं लोहखनिज निघायला लागल्यापासून गडचिरोलीचाही हिस्सा वाढतो आहे.

प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार या निधीचा किमान ६० टक्के भाग ‘उच्च प्राधान्य’ कामांवर खर्च करायचा होता. त्या यादीत पिण्याचं पाणी, आरोग्य, महिला व बालकल्याण आहे. आणि शिक्षणही आहे.

साथ आली तेव्हा काय झालं पाहा. मार्च २०२०च्या अखेरीस, टाळेबंदी लागून आठवडा होत नाही तोच, केंद्राने कळवलं की प्रतिष्ठानातल्या शिल्लक निधीपैकी ३० टक्क्यांपर्यंत रक्कम कोरोनासाठी वापरता येईल. योग्यच झालं. ऑक्सिजन लागत होता, चाचण्या लागत होत्या, खाटा लागत होत्या. पण यातून एक गोष्ट सिद्ध झाली. मनात आणलं तर हा पैसा काही दिवसांत वळवता येतो. शिक्षणासाठी तर वळवण्याचीही गरज नव्हती. शिक्षण पहिल्या दिवसापासून यादीत होतं. फक्त प्रस्ताव हवा होता.

प्रस्ताव का येत नाही, याचं उत्तर कटू आहे. इमारतीचं उद्घाटन होतं, तिच्यावर पाटी लागते, तिचं टेंडर निघतं. मुलाला जोडाक्षर वाचता आलं याचं टेंडर निघत नाही. म्हणून ‘शिक्षणावर खर्च’ म्हटलं की आपल्याकडे वर्गखोली, कुंपण, ई-लर्निंगचा संच असं काहीतरी उभं राहतं. माणसाच्या वेळेला पैसे द्यायला यंत्रणा बिचकते.

तिसरी जागा गावात आहे. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि त्याच्या कामांत शिक्षण बसतं. गडचिरोलीचा बराच भाग या क्षेत्रात आहे. मेंढा-लेखासारख्या किंवा गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावसारख्या गावांनी सामूहिक वनहक्क मिळवून बांबू विकून दाखवला आहे. तिथल्या ग्रामसभेला दोन स्वयंसेवकांचं मानधन ठरवणं अवघड नाही. ठराव करायचा असतो, एवढंच.

किती लागेल

अंदाज मांडतो. हा माझा हिशेब आहे, सरकारी नाही. कुणाला आकडे चुकीचे वाटले तर खोडून आपले लिहावेत. वीस मुलांचा एक वर्ग, रोज दोन तास, चाळीस दिवस. शिकवणाऱ्याचं मानधन सहा हजार. पुस्तकं, पाट्या, कागद मुलामागे दीडशे, म्हणजे तीन हजार. मुरमुरे, केळं, गूळ-शेंगदाणे आणि पाणी यासाठी मुलामागे रोज पंधरा रुपये, म्हणजे बारा हजार. प्रशिक्षण आणि देखरेख चार हजार. एका वर्गाला पंचवीस हजार, एका मुलामागे साडेबाराशे. पाच हजार मुलांसाठी अडीचशे वर्ग. एकूण खर्च साडेबासष्ट लाख रुपये.

जिल्ह्याच्या विकासकामांच्या यादीत एवढ्या रकमेचं एखादं काम शोधायला फार पानं उलटावी लागत नाहीत. आणि यातला निम्म्याच्या आसपास पैसा मुलांच्या पोटात जातो. तो वाया गेला असं तर कुणी म्हणणार नाही.

मात्र हे वर्ग इथले हवेत, मुंबईहून आलेल्या पत्रकाबरहुकूम नकोत. वेळ सकाळी सात ते नऊ, ऊन चढायच्या आत. गडचिरोलीत आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिल मोहाचा आणि मे महिना तेंदूपत्त्याचा. घरातली सगळी माणसं पहाटे रानात असतात, पोरंही सोबत जातात. तिथे सात वाजताचा वर्ग रिकामा राहील. तो संध्याकाळी, पुडे बांधून झाल्यावर घ्यावा किंवा सरळ जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत. विदर्भात शाळा उशिरा उघडते, त्याचा हा फायदा आहे. सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडे वाघाची भीती आहे, म्हणून वर्ग वस्तीच्या आतच हवा, मुलांना अंधारात चालावं लागू नये. मिरची तोडायला तेलंगणात गेलेली कुटुंबं कधी परततात ते पाहून नावनोंदणी करावी.

जागा शोधायची गरज नाही. समाजमंदिर आहे, अंगणवाडी आहे, बुद्धविहार आहे, माडिया गावात गोटुल आहे. आणि मशिदीचा हॉल आहे. आपल्या मोहल्ल्यांत उन्हाळी सुट्टीत मुलांचे दीनी वर्ग वर्षानुवर्षं भरतात. मुलं आंघोळ करून वेळेवर येतात, शिकवणारे आहेत, सतरंज्या आहेत, पंखे आहेत. त्याला जोडून एक तास वाचन आणि गणिताचा ठेवणं, आणि तो तास शेजारच्या कुठल्याही घरातल्या मुलाला खुला ठेवणं, यात अडचण कसली? चंद्रपूर जिल्ह्यात आपली संख्या थोडी, गडचिरोलीत त्याहून थोडी. आपली मुलं वेगळी बसवून त्यांचं भलं होणार नाही. उर्दू शाळेतल्या मुलीला मराठी सफाईने वाचता येणं आणि गोंडी बोलणाऱ्या मुलाला गणिताचा प्रश्न समजणं, दोन्ही कामं एकाच अंदाजपत्रकातून व्हायची आहेत. म्हणून मागणीही एकत्रच जायला हवी.

पण इथे एक सावधगिरी. समाजाने जागा द्यावी, माणसं द्यावीत. खर्च मात्र सरकारी खात्यातूनच यावा. ‘तुमचा समाज करतोय ना, मग आम्ही कशाला’ असं म्हणायची सोय आपण प्रशासनाला देऊ नये. देणग्यांवर चालणारा वर्ग एक उन्हाळा चालतो, दुसऱ्या उन्हाळ्यात अर्धा होतो, तिसऱ्याला त्याचा फोटो उरतो. अंदाजपत्रकात लेखाशीर्ष मिळालेलं काम अधिकारी बदलला तरी टिकतं.

आक्षेप

‘मुलांना सुट्टी नको का?’ हवीच. दोन तास गोष्टी वाचणं, खेळातून गणित करणं आणि खाऊ खाणं यानंतरही दिवसाचे बारा तास उरतात. ज्यांच्या घरी सुट्टी म्हणजे मामाचा गाव आणि छंदवर्ग, त्यांना याची गरज नसेल. ज्यांच्या घरी सुट्टी म्हणजे धाकट्या भावंडांना सांभाळणं, त्यांना हे दोन तासच सुट्टीसारखे वाटतील.

‘शिक्षक आधीच थकलेत.’ खरं आहे. साथीत त्यांना घरोघरी सर्वेक्षणाला पाठवलं, तपासणी नाक्यांवर उभं केलं. म्हणून त्यांच्यावर सक्ती नको. ज्यांना करायचं आहे त्यांना मानधन द्या, बाकी वर्ग गावातल्या बारावी झालेल्या, डी.एड. करून घरी बसलेल्या मुलामुलींना द्या. आपल्या जिल्ह्यांत त्यांची कमतरता नाही.

‘आता फार उशीर झाला.’ हा आक्षेप सगळ्यांत धोकादायक आहे, कारण तो समजूतदार वाटतो. २०२० चं मूल आज माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर आहे. त्याला हातच्याची वजाबाकी येत नसेल तर बीजगणित येणार नाही, आणि नववीत ते शाळा सोडेल तेव्हा आपण कारण लिहू, ‘अभ्यासात रस नाही’. सॉफ्टवेअरमध्ये पायाच्या कोडमध्ये चूक राहिली की ती जितकी उशिरा दुरुस्त करावी तितकी महाग पडते. तरी दुरुस्त करतात, कारण न करणं त्याहून महाग पडतं. शिवाय साथ ही एकदाच येणारी गोष्ट राहिलेली नाही. पूर येतो, उष्णतेची लाट येते, शाळा बंद होतात. बंद शाळेची भरपाई करण्याची कायमची व्यवस्था एकदा बसली तर ती पुढच्या प्रत्येक वेळी उपयोगी पडेल.

काय मागायचं

मागणी मोजकी असावी. एक, महापालिका, नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात ‘उन्हाळी अध्ययन वर्ग’ असं स्वतंत्र लेखाशीर्ष. दोन, जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या शिक्षणाच्या वाट्यातून ठराविक हिस्सा इमारतींऐवजी शिकवणाऱ्या माणसांच्या मानधनासाठी राखीव. तीन, पाचवी-आठवीत नापास झालेल्या प्रत्येक मुलाला पुनर्परीक्षेआधी वर्ग मिळाला की नाही, याची शाळानिहाय यादी जाहीर. चार, वर्ग सुरू होताना आणि संपताना प्रत्येक मुलाची साधी वाचन-गणित तपासणी. परिच्छेद वाचतो का, वजाबाकी करतो का, बस. निकाल ग्रामपंचायतीच्या किंवा वॉर्डाच्या फलकावर, मुलांची नावं न देता.

अंदाजपत्रकं मार्चच्या आत मंजूर होतात, म्हणजे बोलायची वेळ डिसेंबर-जानेवारीची असते. एप्रिलमध्ये दिलेलं निवेदन पुढच्या वर्षाच्या फायलीत जातं. ग्रामसभेत ठराव घेता येतो, महापालिकेत निवेदन देता येतं, प्रतिष्ठानाने कोणती कामं मंजूर केली याची यादी माहिती अधिकारात दहा रुपयांत मागता येते. ती यादी आधी मागा. तिच्यात शिकवण्यासाठी किती आणि बांधण्यासाठी किती, हे दोन आकडे वेगळे काढा, आणि ते घेऊनच बैठकीला जा. २०२८ च्या आठवीच्या परीक्षेआधी आपल्या हातात फार उन्हाळे नाहीत.